ऐकून घेणारा तिसरा

'समुपदेशन' हा शब्द अलीकडे शाळांच्या फलकांवर, इस्पितळांच्या दारांवर आणि न्यायालयांच्या पाट्यांवर वारंवार दिसू लागला आहे. व्याकरण शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले त्यास तो पाहून थोडे हसू आल्यावाचून राहत नाही. 'सम्' हा उपसर्ग आणि पुढे उपदेश; म्हणजे चांगला भरघोस उपदेश! मौज अशी की, ज्या कामास हे नाव दिले आहे त्या कामात उपदेशासच पहिली बंदी आहे. समुपदेशक म्हणून जो खुर्चीवर बसतो त्याने 'असे कर, तसे करू नकोस' हे शक्य तो तोंडातून काढावयाचे नसते. समोरच्या माणसाचे दुःख त्याच्याच शब्दांत बाहेर येईपर्यंत धीर धरावा, मधूनच एखादा प्रश्न टाकावा, आणि त्याची वाट त्याला दिसू लागेपर्यंत सोबत करावी, एवढाच त्याचा अधिकार. नवराबायकोचे पटेनासे झाले, किंवा भूकंप, आग, अत्याचार, घरातील अकाली मृत्यू अशा एखाद्या आघाताने माणसाचे चित्त ठिकाणावर राहिले नाही, म्हणजे आज त्यास या खुर्चीकडे धाडतात.

श्रोतेहो, हा माणूस आपल्या समाजात आला कोठून, हे आज आपण पाहू. उपदेश करणारांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. न्याय देणारेही होते. परंतु जो ऐकून घेतो आणि निवाडा देत नाही असा तिसरा माणूस घडावयास फार काळ लागला, आणि घडत असता त्याने मारही पुष्कळ खाल्ला.

आमच्या नांदगाव पेठेसारख्या वऱ्हाडी गावात पूर्वी घरचे भांडण विकोपास गेले म्हणजे ते पारावर येई. दोन्हीकडची चार शहाणी माणसे, सोयरे, जातीचे पंच बसत. मुलीचा बाप बोले, मुलाचा चुलता बोले. जिचा संसार मोडावयाचा ती बहुधा आतल्या दाराशी पदर धरून उभी असे. पुष्कळ जातींत काडीमोडीची चाल होती. पंचांसमक्ष काडी मोडली की नाते तुटे, आणि पुढे पाटही लागे. वरच्या म्हणविणाऱ्या जातींत तेवढीही वाट नव्हती. पंचायतीचे काम झटपट होई, खर्च थोडा येई, निकाल गावाच्या डोळ्यांदेखत अमलात येई. हे तिचे गुण नाकारण्याचे कारण नाही. परंतु पंच ऐकतो तो निवाडा देण्यासाठी. ज्याच्या हाती दंड आहे, वाळीत टाकणे आहे, त्याच्यापुढे मन कोण मोकळे करील? तेथे माणूस आपली बाजू मांडतो. दुःख सांगत नाही. वाळीत टाकण्याचा हा हत्यारासारखा अधिकार इतका जबर होता की, त्याविरुद्ध महाराष्ट्रास थेट २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला.

दुःख सांगावयाची जागा निराळी होती, आणि ती पुरुषांच्या कानाआड होती. पहाटे जात्यावर बसून बायका जे गात त्यात सासरचा जाच, नवऱ्याचे दुर्लक्ष, मेलेले मूल, दूरचे माहेर, सारे येई. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ यांनी गावोगाव माणसे धाडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत. हा संग्रह वाङ्मय म्हणून थोर आहेच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जाते हा मोठा चांगला श्रोता होता. ते उत्तर देत नसे, परंतु चुगलीही करीत नसे. समोर खुंट्याला हात लावून बसलेली जाऊ किंवा शेजारीण दुसरी ओळ उचलून धरी, आणि पहिलीला कळे की आपण एकट्या नाही. पुढे पिठाची गिरणी आली, बायकांच्या दंडांचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण पहाटेचा तो घटकाभराचा एकांतही त्याबरोबर गेला, आणि त्याच्या जागी काय आले याचा विचार बराच काळ कोणी केला नाही.

छापील शब्दांत हा प्रश्न पहिल्याने विचारला तो आमच्याच मुलखातील एका बाईने. १८८१ साली सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेस नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा फर्मावण्यात आली. अपिलात ती कमी झाली. वर्तमानपत्रांना मात्र निमित्त सापडले आणि त्यांनी सबंध स्त्रीजातीस धारेवर धरले. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' हे लहानसे पुस्तक लिहून त्यांस उत्तर दिले. भाषा जळजळीत, आणि रोख सरळ: जे दोष तुम्ही बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय? त्या बाईस या स्थितीस आणले कोणी, हे कोणी विचारले काय? जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू उचलून धरली. इतरांनी पुस्तकाकडे पाठ फिरविली, आणि ते जवळजवळ शंभर वर्षे विस्मृतीत पडून राहिले.

त्यानंतर दोनच वर्षांनी मुंबईच्या हायकोर्टात रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी मोठी झाल्यावर दादाजी भिकाजी या नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे नाकारीत होती. १८८४ साली नवऱ्याने दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो काढून टाकला. अपिलात खटला परत खाली आला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की, रखमाबाईने एका महिन्यात नवऱ्याकडे जावे, नाही तर सहा महिने तुरुंगात जावे. तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन आल्या. या खटल्यावर त्या काळी टिळकांपासून मॅक्समुल्लरपर्यंत सर्वांनी लिहिले. चार वर्षे एवढा कागद खर्ची पडला, परंतु त्या दोघांस एका खोलीत बसवून 'तुम्हाला काय वाटते ते शांतपणे सांगा' असे म्हणणारा माणूस सरकारी व्यवस्थेत कोठेच नव्हता. रखमाबाईंना आपले मन उघड करावयाचे होते तेव्हा त्यांनाही 'एक हिंदू बाई' असे टोपणनाव घेऊन टाइम्स ऑफ इंडियास पत्रे लिहावी लागली.

टोपणनावाने पत्रे लिहिण्याची ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कारण महाराष्ट्रातील पहिला खरा ऐकणारा पोस्टाच्या मार्गानेच आला. ते रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षि कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईस संततिनियमनाचे केंद्र उघडले, आणि या मतांपायी विल्सन कॉलेजातील नोकरी त्यांना सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. शेवटचा अंक १९५३ च्या नोव्हेंबरचा. कर्वे ऑक्टोबरातच निवर्तले होते. सव्वीस वर्षे, पदरमोड करून, पत्नी मालतीबाईंच्या साथीने, जवळजवळ एकहाती त्यांनी हे काम केले. आमच्या लहानपणीही वडीलधारी मंडळी त्या मासिकाचे नाव निघाले की विषय बदलीत, असे आठवते.

या मासिकात वाचकांच्या प्रश्नांस उत्तरे देण्याचे एक सदर असे. जी गोष्ट नवरा बायकोस विचारू शकत नसे आणि बायको आईसही सांगू शकत नसे, जी वैद्यापुढे निघत नसे आणि पुराणिकापुढे तर नाहीच नाही, ती लोक कर्व्यांस कळवीत. संसारातील शरीरसंबंधाची भीती, अज्ञान, स्वतःविषयी घृणा, लागोपाठच्या बाळंतपणांनी खंगलेल्या बायकोची काळजी. कर्वे उत्तर देत ते थोडक्यात आणि रोखठोक. ते काही मृदु स्वभावाचे गृहस्थ नव्हते. त्यांच्या लेखणीस धार होती, विरोधकांची ते गय करीत नसत, आणि त्यांची सगळीच मते आज कोणी स्वीकारील असेही नाही. परंतु प्रश्न विचारणारास त्यांनी पापी म्हटले नाही. त्या काळी ही केवढी गोष्ट होती हे समजावयाचे असेल तर सरकारने तिचे काय केले ते पाहावे. १९३१ साली त्यांजवर अश्लीलतेचा पहिला खटला होऊन दंड झाला. १९३४ सालचा दुसरा खटला तर वाचकांच्या प्रश्नांस दिलेल्या उत्तरांबद्दलच होता. बचावासाठी बॅरिस्टर भीमराव आंबेडकर उभे राहिले. मासिकाचा विषयच लैंगिक आरोग्य आहे. लोकांनी त्याविषयी प्रश्न विचारले तर उत्तर का देऊ नये, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. कोर्टास तो पटला नाही. दोनशे रुपये दंड झाला.

दुसऱ्याचे ऐकले आणि त्याचा तिरस्कार केला नाही, एवढ्यासाठी माणसास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले, ही आपल्या प्रांतातील या व्यवसायाची सुरुवात. आज जे तरुण या विषयाच्या पदव्या घेतात त्यांना कर्व्यांचे नाव या नात्याने कोणी सांगते की नाही, कोण जाणे.

असो. याच सुमारास पश्चिमेकडे या कामास शास्त्राचे रूप येत होते, आणि त्यास कारण झाले ते पहिले महायुद्ध. खंदकांतून परत आलेले धडधाकट शिपाई थरथर कापू लागले, मुके झाले, रात्री किंचाळून उठू लागले. १९१५ साली केंब्रिजचे चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात त्यास 'शेल शॉक' म्हटले. लष्करी लोक त्यास भित्रेपणा म्हणत, आणि दयाळू डॉक्टर म्हणत की, 'झाले ते विसर'. एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात डॉ. रिव्हर्स यांनी उलट केले. आठवण दाबून ठेवल्यानेच ती रात्री उसळते. दिवसाउजेडी, विश्वासाच्या माणसापाशी ती थोडथोडी बोलून दाखविली तर तिची नांगी मोडते, असे त्यांनी दाखवून दिले. हे रिव्हर्स आपल्या देशास अनोळखी नव्हते. १९०१-०२ साली नीलगिरी पर्वतावरील तोडा लोकांत वास्तव्य करून त्यांनी त्यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला होता. परक्याचे बोलणे मध्येच न तोडण्याची सवय त्यांना तेथे लागली असेल काय, असा माझा आपला एक तर्क आहे. पुढे १९४२ साली अमेरिकेत कार्ल रॉजर्स यांनी आपल्या ग्रंथात हेच तत्त्व घरगुती दुःखांसही लावले: रोग्यास औषध द्यावे तसा सल्ला देऊ नये, त्याच्या ठायी असलेली समज जागी होईल असे वातावरण द्यावे. १९८० साली अमेरिकन मानसोपचारवाल्यांनी आघातानंतरच्या या मनोविकारास आपल्या रोगसूचीत रीतसर स्थान दिले.

आपल्याकडे हा ऐकणारा सरकारी व्यवस्थेत शिरला तो १९८४ साली, आणि एकाच वर्षी दोन दारांनी. पहिले दार पोलिसांचे. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तांच्या कचेरीत स्त्रिया व मुले यांच्यासाठी एक विशेष कक्ष उघडला. त्यात पोलीस नव्हते. समाजकार्य शिकलेल्या बाया होत्या. मार खाऊन आलेली बाई जेथे कसेही करून पोहोचते तेथेच तिचे ऐकणारी असावी, ही त्यामागील कल्पना. पुढे असे कक्ष महाराष्ट्रभर झाले. दुसरे दार न्यायालयाचे. त्याच वर्षी संसदेने कौटुंबिक न्यायालयांचा कायदा केला, आणि १९८९ साली पुण्यात व मुंबईत ती न्यायालये सुरू झाली. आज अमरावतीस आणि अकोल्यासही आहेत.

या कायद्याने जुनी घडी पुष्कळ बदलली. वकील लावण्याचा आपोआप हक्क येथे पक्षकारास नाही. समेटाचा काही संभव असेल तर आधी तो करून पाहणे हे न्यायाधीशाचे कर्तव्य ठरविले, आणि न्यायालयातच विवाह-समुपदेशक नेमण्याची तरतूद केली. समुपदेशकाच्या खोलीत बहुधा नवऱ्यास निराळे, बायकोस निराळे, आणि मग जमल्यास दोघांस एकत्र ऐकतात. मुले असली तर त्यांच्याशीही बोलतात. परंतु मला या सर्वांत मोलाची वाटते ती महाराष्ट्राच्या नियमांतील एक बारीकशी तरतूद. समुपदेशकापुढे जे बोलले गेले ते गुप्त राहावे, आणि समुपदेशकास साक्षीस बोलावू नये! न्यायाधीश पलीकडच्याच दालनात बसलेला. पण या खोलीतील शब्द त्याच्या कानी जावयाचा नाही. पारावरच्या पंचात जी दोन कामे एकत्र होती, ऐकणे आणि निवाडा करणे, ती येथे भिंत घालून निराळी केली आहेत. रखमाबाईच्या खटल्यानंतर हे व्हावयास सुमारे शंभर वर्षे लागली.

आता यातील एक धोका सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. कायद्यात 'समेट' हा शब्द आहे, आणि तो आपल्या समाजाच्या मोठ्या आवडीचा आहे. संसार टिकला म्हणजे समुपदेशन सफल, मोडला म्हणजे विफल, असा हिशेब मांडला की ऐकणारा पुन्हा पंच होऊन बसतो. फरक एवढाच की, त्याचा निवाडा आधीच ठरलेला असतो. जेथे केवळ अबोला आहे, पैशाची ओढाताण आहे, सासूसुनेची धुसफूस आहे, तेथे दोघांस समोरासमोर बसविल्याने पुष्कळ साधते. परंतु जेथे हात उगारला जातो तेथे नवऱ्यादेखत बायको काय बोलणार? खोलीत बोललेल्या एका वाक्याची किंमत तिला रात्री घरी द्यावी लागते. ही गोष्ट अनुभवाने कायद्याच्याही ध्यानात आली. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आणि त्याखालील पुढील वर्षीचे नियम पाहावेत. मारहाणीचे समर्थन समुपदेशनाच्या बैठकीत ऐकूनच घ्यावयाचे नाही, आणि हे मारणारास आधीच बजावावयाचे, असा त्यात दंडक आहे. म्हणजे निवाडा न करणाऱ्या माणसासही एक गोष्ट आधीच धरून चालावी लागते: मारणे बरोबर की चूक, ही चर्चेची बाब नव्हे. मुंबईत २००० साली महापालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी वांद्र्याच्या भाभा इस्पितळात 'दिलासा' नावाचे केंद्र काढले. पायरीवरून पडले, असे सांगून जी बाई मलमपट्टीस येते तिला 'घरी सारे ठीक आहे ना' हे विचारणारे कोणी तेथे असते. माझ्या मते हे केंद्र कौटुंबिक न्यायालयाइतकेच महत्त्वाचे आहे.

आघातग्रस्तांच्या बाबतीत महाराष्ट्राचे डोळे उघडले ते किल्लारीस. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजावयाचे होते. आदल्या दिवशी गणपती बोळविलेले. दमून भागून माणसे गाढ झोपलेली. लातूर आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांतील जाड दगडी भिंतींची, वर मातीचा भार असलेली माळवदे क्षणार्धात खाली आली. सरकारी गणनेप्रमाणे मृतांचा आकडा आठ हजारांच्या जवळपास गेला. बावन्न गावे साफ झाली. धान्य, कपडे, पत्रे देशभरातून आले. परंतु थोड्याच दिवसांत कार्यकर्त्यांना दिसू लागले की, ज्याला खरचटलेसुद्धा नाही असा माणूस छपराखाली पाय ठेवीत नाही, मालमोटारीची घरघर ऐकून उठून पळतो, ढिगाऱ्यातून काढलेले मूल बोलत नाही. पुण्याच्या मानसिक आरोग्य संस्थेने डॉ. मोहन आगाशे यांच्या देखरेखीखाली भूकंपग्रस्तांच्या मनःस्थितीचा दीर्घकाळ अभ्यास केला. नाटक-सिनेमामुळे घराघरांत ठाऊक असलेले आगाशे ते हेच. त्यांचा मूळ व्यवसाय मानसोपचाराचा. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले पुण्यास नेऊन त्यांच्या राहण्याशिकण्याची सोय केली.

अशा प्रसंगी काय करावे याविषयीचे शास्त्र तेव्हापासून पुष्कळ बदलले आहे. आरंभी अशी समजूत होती की, आघात झालेल्यास लगेच गाठून सर्व हकीकत एकदा वदवून घ्यावी, म्हणजे मन मोकळे होते. चाचण्या घेता घेता कळून आले की, ही घाई उपयोगाची नाही. कधी कधी तिने अपायच होतो. आधी निवारा, झोप, अन्न, हरवलेल्या माणसांचा ठावठिकाणा. मग कोणी बोलू लागला तर ऐकावे, नाही बोलला तर जवळ बसावे. बहुतेक माणसे अशा आधाराने आपली आपण सावरतात. ज्यांची भीती महिनोन्‌महिने ओसरत नाही त्यांच्यासाठी शिकलेल्या माणसाची खरी गरज. तो त्या आठवणीकडे पायरीपायरीने नेतो. आज छपराच्या कडेस उभे राहावयाचे, उद्या उंबऱ्यावर, परवा आत. हे काम वेळखाऊ आहे आणि त्यात टाळ्या मिळत नाहीत.

आता वऱ्हाडाकडे वळू. कारण आमच्याकडे ही दोन दुःखे, संसाराचे आणि आघाताचे, एकाच छपराखाली नांदतात. पावसावर अवलंबून असलेले कापसाचे पीक, वर्षावर्षाने चढणारे कर्ज, कपाशीचा भाव मनाजोगा न मिळणे, ही कारणे सर्वांच्या तोंडी आहेत आणि खरी आहेत. पण कर्जाचा आकडा वहीत असतो. घरात तो निराळ्या रूपाने फिरतो. कर्ता पुरुष गप्प होतो, रात्री जागा राहतो, पिऊ लागतो. बायको बोलली तर हात उगारतो, न बोलली तर तिला आपण नको झालो असे समजतो. आणि त्याने जिवाचे बरेवाईट करून घेतले म्हणजे तिच्या वाट्याला येते ते नुसते वैधव्य नव्हे. सावकार दारी, सातबाऱ्यावर नाव नाही, चौकशीस येणारे दहा, आणि 'तुझ्याशी काही भांडण झाले होते काय' हा प्रत्येकाचा पहिला प्रश्न.

जो प्रयत्न करून वाचला त्याची गत याहून चमत्कारिक होती. भारतीय दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमाखाली तो गुन्हेगार. ज्या घटकेस माणसास ऐकणारा सर्वांत अधिक हवा त्या घटकेस त्याच्या खाटेशी जबाब घेणारा येई. मानसिक आरोग्य सेवेच्या २०१७ च्या कायद्याने असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरावे आणि त्याची काळजी सरकारने घ्यावी असे ठरविले. आणि १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता लागू झाली तीत ते जुने कलमच राहिले नाही.

ऐकणारे आणावयाचे कोठून हा पुढला प्रश्न. मानसोपचाराचे तज्ज्ञ शहरांत, आणि तेही मोजके. गोव्यात १९९६ साली डॉ. विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी यांनी 'संगाथ' ही संस्था काढली. संगाथ म्हणजे सोबत. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट शिकविलेल्या साध्या माणसांकडून हे काम होते की नाही, हे त्यांनी पडताळून पाहिले. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ उदास रोग्यांवर केलेल्या चाचणीचा निकाल २०१७ साली प्रसिद्ध झाला, आणि तो अनुकूल होता. पिण्याच्या आहारी गेलेल्या पुरुषांसाठी केलेली जोडचाचणीही त्याच वर्षी छापली गेली. हीच पद्धत टाटा विश्वस्त निधीच्या साह्याने विदर्भात आली, आणि त्या कार्यक्रमास नाव पडले 'विश्राम'. गावातीलच कार्यकर्ते घरोघर जात, लहान बैठकी घेत. अधिक त्रास असेल त्यास समुपदेशकाकडे, त्याहून अधिक असेल त्यास ग्रामीण रुग्णालयात ठराविक दिवशी येणाऱ्या डॉक्टरकडे पोहोचवीत. 'डिप्रेशन' हा शब्द येथे कोणी उच्चारला नाही. आमच्याकडे ज्यास सर्व लोक 'टेन्शन' म्हणतात त्याच शब्दाने बोलणे सुरू होई. ३० गावांतील पाहणीचे आकडे 'लॅन्सेट सायकियाट्री' या पत्रात २०१७ साली आले. उदासीनतेने ग्रासलेल्या शंभरांपैकी आधी जेमतेम ४.३ जण मदतीस जात होते. दीड वर्षाच्या कामानंतर २७.२ जण जाऊ लागले. वर्षभरात जिवाचा कंटाळा येऊन मरणाचे विचार आलेल्यांचे प्रमाण शेकडा ५.२ वरून २.५ वर उतरले. सरकारनेही २०१५ साली 'प्रेरणा' या नावाने चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी समुपदेशनाची योजना सुरू केली. तीत अमरावती आणि अकोला दोन्ही आहेत. तिचा भार मुख्यत्वे आशा कार्यकर्त्या बायांवर पडला.

या बायांच्या कामाची रीत साधी असते. तिला गावात सर्वजण ओळखतात, त्यामुळे ती दारी आली म्हणून शेजारी कान टवकारीत नाहीत. पोलिओच्या डोसासाठी आली असेल, बाळंतिणीस पाहावयास आली असेल. ती ओट्यावर बसते. कर्जाचे विचारीत नाही, भांडणाचे विचारीत नाही. झोप लागते काय, जेवण जाते काय, कामात मन लागते काय, एवढेच आधी विचारते, आणि उत्तर येईपर्यंत दळणाची टोपली निवडू लागते. पहिल्या दिवशी बहुधा 'सारं ठीक आहे' असेच उत्तर येते. ती उठते, आणि आठ दिवसांनी पुन्हा येते.